मामांची कार्डे आणि औषधाची चिठ्ठी

आजी-आजोबांना दवाखान्यात घेऊन येणारी मुले-सुना दुखणे सांगून झाल्यावर, उठता उठता, बहुधा आणखी एक तक्रार करतात. “डॉक्टर, यांनी हल्ली नवीनच खूळ डोक्यात घेतले आहे.” कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी पितळी अडकित्ते, कोणी वर्तमानपत्रांतली कात्रणे. पूर्वी अशा छंदांसाठी जुन्या बाजारात पायपीट करावी लागे. आता मोबाइलवर बोट टेकवले की चार दिवसांत खोके दारात येते. सांगलीत सत्तावीस वर्षे दवाखाना चालवताना मी अशा तक्रारींवर सांगत आले आहे की छंद असू द्यावा, त्यात मन गुंतते. आजही तेच सांगते. पण सांगण्यापूर्वी आता एक प्रश्न आवर्जून विचारते. त्या प्रश्नाचे मोल मला माझ्या मामांच्या घरात जे घडले त्यावरून समजले. मामा आणि मामी या दोघांच्या संमतीनेच ती हकिकत येथे लिहीत आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आज ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. ऑगस्ट १९७१ मध्ये धातुशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेतील पिट्सबर्गला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. पिट्सबर्ग हे त्या काळी पोलादाचे शहर होते. ॲलेगेनी आणि मोनोंगाहिला या दोन नद्या तेथे एकत्र येतात आणि त्यांची ओहायो नदी होते. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहत वाढलेल्या मामांना परक्या मुलखातली ओळखीची वाटावी अशी ती पहिली खूण होती.

दुसरी खूण खेळाची. विजय हजारे यांच्या जन्मगावचा मुलगा क्रिकेटवेडा नसता तरच नवल. अजित वाडेकरांच्या संघाने त्याच ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा मामा नुकतेच पिट्सबर्गला पोहोचले होते. तो विजय त्यांना आजोबांच्या पत्रातून कळला. क्रिकेटची ती भूक मग समोर दिसणाऱ्या बेसबॉलवर भागू लागली. योग असा, की पिट्सबर्गच्या ‘पायरेट्स’ संघाचे ते विलक्षण वर्ष होते. १ सप्टेंबर १९७१ रोजी या संघाने मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाचे होते. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत असे पूर्वी कधी घडले नव्हते. ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरच्या संघाला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून पायरेट्स विजेते झाले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला रॉबेर्तो क्लेमेंते, पोर्तो रिको बेटावरून आलेला, मोडक्या इंग्रजीमुळे पत्रकारांची टिंगल सोसलेला, स्वाभिमानी माणूस. वसतिगृहाच्या दिवाणखान्यात दूरचित्रवाणीपुढे बसून मामांनी ती मालिका पाहिली. नियम अर्धेही कळत नव्हते, पण संघ मात्र त्यांनी कायमचा निवडला होता.

बेसबॉल कार्डांविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते, म्हणून थोडे सांगते. पुठ्ठ्याचे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच कार्ड. पुढे खेळाडूचे छायाचित्र, मागे त्याच्या कारकिर्दीचे आकडे. आपल्या लहानपणी च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत, त्याच जातीची ही वस्तू. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. १९०९ ते १९११ या काळात ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांत घातली जात. त्यांतले पायरेट्सचाच खेळाडू असलेल्या होनस वॅग्नर याचे कार्ड अत्यंत दुर्मीळ आहे. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने छपाई थांबवायला लावली, असे सांगतात. त्या कार्डाची एक प्रत २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली. पुढे च्युइंगगमच्या पाकिटांतून कार्डे येऊ लागली. ब्रुकलिनच्या ‘टॉप्स’ कंपनीने १९५२ मध्ये काढलेला ४०७ कार्डांचा संच आज संग्राहकांना सोन्यासारखा वाटतो. पण त्याच संचाची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवली होती. ही गोष्ट मामा दर भेटीत सांगतात आणि दर वेळी तितकेच हसतात.

मामांचा स्वतःचा संग्रह मात्र लाखांचा नव्हता. त्यांचे तीन नियम होते. फक्त पायरेट्सची कार्डे घ्यायची, महिन्याला एकच घ्यायचे आणि वीस डॉलरच्या वरचे घ्यायचे नाही. १९८० च्या दशकात पिट्सबर्गचे पोलाद कारखाने एकापाठोपाठ एक बंद पडले. मामांचीही नोकरी गेली आणि दीड वर्ष घर मामींच्या ग्रंथालयातल्या पगारावर चालले. त्या दिवसांत लागलेली काटकसरीची सवय पुढे सुबत्ता आली तरी सुटली नाही. निवृत्तीनंतर ही खरेदी इंटरनेटवरून होऊ लागली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संगणकापुढे बसायचे, चार विक्रेत्यांचे भाव पाहायचे, कार्डाचे कोपरे झिजले आहेत का, छपाई मध्यावर आहे का, हे छायाचित्र मोठे करून न्याहाळायचे आणि मग एक मागवायचे. पुढचे पाच-सहा दिवस पोस्टमनची वाट पाहण्यात जायचे. कार्ड आले की मामीला दाखवायचे, पारदर्शक पाऊचमध्ये सरकवायचे आणि नऊ कप्प्यांच्या पानावर वर्षानुसार लावायचे. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे पायरेट्सने जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त होते. त्या पडत्या वर्षांची पानेही मामांनी तितक्याच निगुतीने भरली. मामी थट्टेने म्हणत, “हरणाऱ्यांची एवढी बडदास्त ठेवणारा हा एकटाच माणूस.”

डॉक्टर म्हणून मला या छंदात सर्व काही हितकर दिसे. बोटांच्या बारीक हालचाली होतात, नजरेला काम मिळते, आकडे आठवावे लागतात, उद्याची वाट पाहायला निमित्त मिळते. वृद्धापकाळात हे शेवटचे निमित्त औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

२०१९ मध्ये मामांना पार्किन्सनचा विकार, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो, असल्याचे निदान झाले. सुरुवात कंपाने झाली नव्हती. चालताना उजवा हात हलेनासा झाला होता आणि अक्षर बारीक बारीक होत गेले होते. संग्रहाच्या वहीतल्या नोंदी इतक्या लहान झाल्या की त्यांच्या त्यांनाच वाचता येईनात, म्हणून ते तपासणीला गेले. लेव्होडोपा सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला दुसरे औषध आले, प्रामिपेक्सोल. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याची मात्रा वाढवण्यात आली. पावलांचा अडखळलेपणा कमी झाला, मामा पुन्हा पाऊचमध्ये कार्ड सरकवू लागले आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले.

जानेवारी २०२२ मध्ये मामींचा फोन आला. त्या सहसा तक्रार करणाऱ्या नाहीत. “अगं, हे रात्र रात्र झोपत नाहीत. दोन-दोन वाजेपर्यंत त्या मोबाइलवर कसले तरी लिलाव चालतात. गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे खोकी लपवलेली सापडली. मी मोजली, बासष्ट निघाली. त्यांतली बरीचशी उघडलीसुद्धा नाहीत. आणि बँकेचे पत्र आले आहे. आठ महिन्यांत साडेअकरा हजार डॉलर गेले.” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “पन्नास वर्षे ज्या माणसाने वीस डॉलरची रेघ ओलांडली नाही, तो मला खोटे सांगू लागला आहे.”

त्यांच्या मुलीने, माझ्या मामेबहिणीने, आपल्या परीने कारण शोधले होते. कोविडच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी जुने छंद वर काढले आणि अमेरिकेत कार्डांचा बाजार खरोखरच तापला होता. बाबांनाही तीच हवा लागली, असे तिला वाटले. शेजाऱ्यांनी वय झाल्याचे कारण सांगितले. मामींच्या मनात स्मृतिभ्रंशाची भीती होती.

मी मामींना दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, औषधांत शेवटचा बदल कधी झाला? त्यांनी डबीवरची तारीख वाचून दाखवली. मात्रा वाढवल्यावर सहा-सात आठवड्यांनी पहिले मोठे खोके आले होते. दुसरी, ही कार्डे कोणत्या संघाची आहेत? मामी खोक्यांवरची नावे वाचू लागल्या. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बॉस्टन, काही बास्केटबॉलची, काही कुस्तीगिरांची. “पायरेट्सचे त्यात काय आहे?” मी विचारले. बऱ्याच वेळाने उत्तर आले, “एकही दिसत नाही गं.”

ते ऐकून माझा संशय बळावला. छंद वाढतो तेव्हा तो अधिक निवडक होत जातो. माणूस एका वर्षाचे, एका खेळाडूचे, एका चुकलेल्या छपाईचे कार्ड शोधत बसतो. येथे उलट झाले होते. आवडता संघच खरेदीतून नाहीसा झाला होता आणि उरली होती ती नुसती खरेदी.

मग मी मामांशी बोलले. मामींसमोर नव्हे, एकटी. ते आधी रागावले, नंतर गप्प झाले आणि शेवटी म्हणाले, “मला नको आहे हे मला कळते. पण लिलावाची शेवटची तीस सेकंदे सुरू झाली की हात थांबत नाही. खोके आले की उघडावेसेही वाटत नाही. म्हातारपणी मी असा लोभी कसा झालो?”

“मामा, हा लोभ नाही,” मी म्हणाले, “हा औषधाचा परिणाम असू शकतो. तुम्ही आणि मामी उद्याच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. तोपर्यंत गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.”

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. हालचाल सुरळीत ठेवणे हे त्याचे एक काम आणि काहीतरी मिळवण्याची ओढ निर्माण करणे हे दुसरे. पार्किन्सनमध्ये हालचालीशी संबंधित भागात डोपामिनचा मोठा तुटवडा होतो. ओढ निर्माण करणाऱ्या भागात तो त्या मानाने कमी असतो. औषध मात्र दोन्हीकडे पोहोचते. एकीकडे त्याने पाऊल सुटते, तर दुसरीकडे कधी कधी ओढ भरमसाट वाढते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्वचेवर चिकटवण्याची रोटिगोटिनची पट्टी ही ‘डोपामिन ॲगोनिस्ट’ या गटातली औषधे. ती डोपामिनची नक्कल करतात आणि ओढीच्या भागातल्या ग्राहकांवर त्यांचा विशेष जोर असतो. त्यामुळे हा परिणाम त्यांच्याबाबतीत अधिक दिसतो. जुगार, अनावर खरेदी, सतत खाणे, कामवासना अनावर होणे, अशी त्याची रूपे असतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ३,०९० पार्किन्सनग्रस्तांच्या पाहणीत या गटातले औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत अशी एखादी तक्रार आढळली, तर ते न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के लोकांत. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना हा त्रास होत नाही. पण तो दुर्मीळही नाही.

त्यात इंटरनेटवरच्या या बाजाराची रचना अशी, की निरोगी माणसाचाही हात सैल सुटावा. बंद पाकिटात कोणते कार्ड आहे, हे ते फाडल्याशिवाय कळत नाही. काही विक्रेते कॅमेऱ्यापुढे खोकी फोडतात आणि कोणाच्या वाट्याला काय आले, ते सगळ्यांना दिसते. पैसे आधीच साठवलेल्या कार्डावरून एका स्पर्शात जातात. जुगाराच्या यंत्राला जे जमते तेच येथेही जमते. आणि घरच्यांच्या नजरेला मात्र ते आजोबांचा निरुपद्रवी छंद म्हणूनच दिसत राहते.

मामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. लिलाव नसेल त्या रात्री ते शेकडो कार्डे जमिनीवर मांडून कडेच्या रंगानुसार लावीत, मोडीत आणि पुन्हा लावीत. त्यातून काही निष्पन्न होत नसे, पण कोणी थांबवले तर चिडत. अशा निरर्थक, तासन्‌तास चालणाऱ्या मांडामांडीला वैद्यकात ‘पंडिंग’ म्हणतात. उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांमध्ये स्वीडनमध्ये प्रथम नोंदवले गेलेले हे वर्तन डोपामिनवर्धक औषधे घेणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांतही दिसते. वर्षानुसार पाने लावणारे पूर्वीचे मामा आणि रंगानुसार मांडत पहाट करणारे हे मामा, यांच्यातला फरक दारातून पाहणाऱ्याला जाणवला नसता.

न्यूरॉलॉजिस्टनी त्याच आठवड्यात दोघांना बोलावले. औषध सुरू करताना त्यांनी या परिणामाची कल्पना मामांना दिली होती. मामांनी मान डोलावली होती आणि मामी त्या वेळी बाहेर बाकावर बसल्या होत्या. आता दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने प्रामिपेक्सोल उतरवण्याचे ठरले आणि लेव्होडोपाच्या वेळा बदलल्या.

ते दहा आठवडे सोपे नव्हते, हे काळजीवाहूंनी लक्षात ठेवावे. ही औषधे कमी करताना काही रुग्णांना अस्वस्थता, घाम, निराशा, झोप न येणे असा त्रास होतो. मामांना तो झाला. “ती गोळी परत दे,” म्हणून त्यांनी मामींची मनधरणी केली. चालणेही मंदावले. खुर्चीतून उठायला पुन्हा आधार लागू लागला. मामी फोनवर म्हणाल्या, “पाय हवे असतील तर माणूस जातो आणि माणूस हवा असेल तर पाय जातात, अशी ही निवड आहे का गं?” मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. थोडी मंद हालचाल स्वीकारावी लागेल, असेच सांगितले. पुढे व्यायामोपचाराने आणि लेव्होडोपाच्या नव्या वेळापत्रकाने त्यातले बरेचसे भरून निघाले, सगळे नाही.

तीन महिन्यांनी ओढ ओसरली. रात्रीचे लिलाव आपोआप थांबले. गॅरेजमधली काही खोकी परत गेली, काही निम्म्या किमतीत विकली गेली, काही पैसे बुडाले ते बुडालेच.

आता प्रश्न आला मूळ संग्रहाचा. मामेबहीण संतापलेली होती आणि तिचा संताप समजण्यासारखा होता. घरात एकही कार्ड राहू नये, वह्यांसकट सगळे विकावे, असे तिचे म्हणणे. मामा काहीच बोलले नाहीत. शिक्षा मिळणार हे गृहीत धरून बसलेल्या मुलासारखे ते दिसत होते, असे मामींनी सांगितले. माझे मत विचारले तेव्हा मी एवढेच म्हणाले, की या वह्या आजारापेक्षा जुन्या आहेत. आजाराने आणलेले घराबाहेर काढावे. जे मामांचे आहे ते मामांकडे राहू द्यावे. निर्णय मामींनी केला. वह्या पुन्हा दिवाणखान्यातल्या कपाटात आल्या. क्रेडिट कार्डे मामींकडे गेली आणि मामांसाठी महिन्याला पंचवीस डॉलर भरलेले वेगळे कार्ड आले. ही व्यवस्था मामांच्या पाठीमागे केली नाही. कागदावर लिहून तिघांनी सही केली आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवली.

मे २०२४ मध्ये मी पिट्सबर्गला गेले. मामांनी पहिल्याच संध्याकाळी १९७० च्या दशकाची वही काढली. कार्ड पाऊचमधून काढून पुन्हा आत सरकवायला त्यांना चार-पाच मिनिटे लागली. मी मदतीला हात पुढे केला, तेव्हा मामींनी डोळ्यांनीच मला थांबवले. क्लेमेंतेची दोन कार्डे त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. १९६० च्या दशकातल्या कार्डावर नाव छापले होते ‘बॉब क्लेमेंते’. आपले नाव रॉबेर्तो आहे, हे तो सांगत राही. तरी टॉप्सने कित्येक वर्षे त्याला बॉबच केले. “मलाही कारखान्यात पीट म्हणायचे,” मामा म्हणाले, “पहिली दोन वर्षे मी हाकेला ओ देत होतो. मग एके दिवशी सांगितले, की पूर्ण नाव घ्या. ते धैर्य मला याच्यामुळे आले.” दुसरे कार्ड १९७३ चे. क्लेमेंतेने ३० सप्टेंबर १९७२ रोजी आपला तीन हजारावा ‘हिट’ मारला आणि ३१ डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारे त्याचे विमान समुद्रात कोसळले. पुढच्या वर्षीच्या संचात त्याचे कार्ड निघाले, तेव्हा तो हयात नव्हता. मामांनी ते त्याच वर्षी, विद्यार्थीदशेत, काही सेंटना घेतले होते.

ती वही विकली असती तर पैसे आले असते. पण परक्या शहरात ताठ मानेने उभे राहायला शिकलेल्या तरुणाची खूणही घरातून गेली असती. विकार औषधाने आटोक्यात येतो. पण आपण कोण आहोत हे माणसाला आठवण करून द्यायला अशा काही वस्तू हाताशी लागतात.

आता वाचकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. घरातील वडीलधाऱ्यांची खरेदी, खाणे, जुगार, लॉटरी किंवा इंटरनेटवरचे पत्त्यांचे खेळ एकाएकी वाढले, तर स्वभावाला दोष देण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी काढून तारखा पाहाव्यात. वर सांगितलेली पार्किन्सनची औषधे रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या तक्रारीसाठीही दिली जातात, त्यामुळे पार्किन्सन नसलेल्यांतही हा परिणाम दिसू शकतो. मानसिक विकारांवर वापरल्या जाणाऱ्या ॲरिपिप्राझोलबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला आहे. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. त्याचे चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

पाहण्याच्या खुणा साध्या आहेत. वस्तू आली की आनंद होतो की न उघडताच ती बाजूला पडते? मागवलेले दाखवले जाते की लपवले जाते? निवड उरली आहे की काहीही चालते? झोप, जेवण, आंघोळ यांवर त्याचा परिणाम होतो का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे काळजीची असतील तर डॉक्टरांना भेटावे, आणि भेटताना काळजी घेणाऱ्याने बाहेर बाकावर न बसता खोलीत बसावे. रुग्णाला यातले काही सांगायची लाज वाटते. ते स्वाभाविक आहे, म्हणून घरच्यांनी थोडा वेळ स्वतंत्रपणे बोलण्याची मुभा मागावी. औषध एकदम बंद करू नये. पार्किन्सनमध्ये ते धोक्याचे ठरू शकते. शिवाय अशा बदलांमागे प्रत्येक वेळी औषधच असते असे नाही. काही प्रकारचे स्मृतिभ्रंश आणि मनोविकारही असेच सुरू होतात. तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नये.

पैशांच्या बाबतीत, मोबाइलमध्ये कार्डाचे तपशील साठवून ठेवू नयेत, यूपीआयला रोजची मर्यादा घालावी आणि छंदासाठी वेगळे, थोड्या रकमेचे खाते ठेवावे. हे सगळे वडीलधाऱ्यांशी बोलून करावे. त्यांच्या हातून मोबाइल काढून घेतल्याने ओढ जात नाही, अपमान मात्र कायम राहतो.

मामांचा गेल्या वर्षी मार्चमध्ये फोन आला होता. पॉल स्कीन्स या पायरेट्सच्या तरुण गोलंदाजाचे, त्याच्या पदार्पणाच्या पोशाखावरचा बिल्ला बसवलेले एकमेव कार्ड अकरा लाख डॉलरच्या वर विकले गेल्याची बातमी त्यांनी वाचली होती. लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला ते पाकिटात सापडले होते. मामा बातमी रंगवून सांगत होते. मी जरा सावधपणे विचारले, “मग? तुम्ही काय घेतलेत?”

“मी त्याचे साधे कार्ड मागवले आहे,” ते म्हणाले, “दोन डॉलरचे. मंगळवारी येईल म्हणतात.” मागून मामींचा आवाज आला, की पोस्टाचे दोन डॉलर वेगळे पडले, तेही सांगा.